खालच्या मजल्यावरची फुलं

ब्लीडिंग हार्टची वेल मी आणली ती फुलांसाठी. पांढऱ्याशुभ्र हृदयातून लाल थेंब ओघळावा, तसं ते फूल. तिला शेणखत घातलं, उन्हाचा चटका लागू नये म्हणून आडोसा केला, काठीला सुतळीने बांधलं. बाईसाहेबांनी मला दिली नुसती पानं! मग सुतळीला न जुमानता ती बाल्कनीच्या गजांमधून खाली उतरली आणि खालच्या काकूंच्या खिडकीपाशी घोसांनी फुलली. मी कितीही वाकले तरी मला देठच दिसतात. काकू मात्र रोज त्यातलीच फुलं देवाला वाहतात.

आमचे हेही असेच. घरात ‘हं’च्या पुढे जात नाहीत आणि जिन्यात कुणी भेटलं की गप्पा संपत नाहीत. खतपाणी आपण करायचं आणि बहर दुसऱ्यांनी बघायचा, हा कुठला न्याय?

आज वैतागून कात्री घेतलीच. तेवढ्यात खालून काकूंची हाक आली, “अहो, काल पाणी घातलं नाहीत का? आपली फुलं मलूल दिसताहेत हो!”

आपली म्हणे!

चरफडत कात्री ठेवली आणि तांब्या भरायला गेले.