नेव्हीची बायको आणि फुजैराचा परवाना

अनुपमा फिजिओथेरपिस्ट होती, पण लग्नानंतर ती हे जरा चाचरतच सांगायची. नवरा सूर्यकांत नौदलात. विशाखापट्टणम, कोची, पोर्ट ब्लेअर, कारवार. प्रत्येक नव्या गावात दवाखाना शोधायचा, नोंदणीसाठी खेटे घालायचे आणि पेशंट ओळखीचे होतात न होतात तोच बदलीची ऑर्डर. पुढे पुढे तिने नोकरी शोधणंच सोडलं. वसाहतीतल्या बायकांच्या कंबरा आणि म्हाताऱ्यांचे गुडघे तेवढे बघायची, तेही हौसेने.

सूर्यकांत निवृत्त होऊन यूएईतल्या फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर सेफ्टी मॅनेजर म्हणून लागला. अनुपमा आणि मुलगी ईराही सोबत आल्या. "आता बदल्या खलास," तो म्हणाला. "तू तुझं सुरू कर."

तिने परवान्यासाठी अर्ज केला. पदवी मान्य झाली, पण अलीकडच्या वर्षांतला दवाखान्यातला अनुभव तिच्याकडे नव्हता. आधी कुणाच्या तरी देखरेखीखाली प्रशिक्षण, मग परीक्षा, मग परवाना.

"माझ्या जुन्या कमांडकडून पत्र आणू?" सूर्यकांतने विचारलं.

"त्यात काय लिहिणार? बाई सुस्वभावी होत्या?"

त्याच सुमारास शेजारच्या प्रमिलाताईंचे सासरे वासुदेवराव पुण्याहून आले आणि इथेच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर प्रमिलाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "रोज पाच मिनिटं येऊन त्यांचा हात-पाय हलवून दे गं. आपलीच माणसं आपण."

"ताई, परवाना नसताना पेशंटवर उपचार केले तर मला कायमचं दार बंद होईल."

"पाच मिनिटांचा कसला उपचार!" प्रमिलाताई तशाच परतल्या.

"कुणाला कळणार होतं?" सूर्यकांत आतून म्हणाला.

"आजवर कुणाला कळलं नाही असंच काम केलं मी," अनुपमा म्हणाली. "आता नाही."

भिंतीपलीकडून वासुदेवरावांच्या व्हीलचेअरची खरखर ऐकू यायची. ती टीव्हीचा आवाज वाढवायची आणि मग स्वतःवरच चिडून बंद करायची.

प्रशिक्षणाला एका छोट्या क्लिनिकमध्ये जागा मिळाली. देखरेख करणारी यम्ना तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान आणि बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी तिने अनुपमाचा हात पेशंटच्या खांद्यावरून उचलला. "मॅम, ये अब ऐसे नहीं करते." अनुपमाला ते झोंबलं. घरी येऊन तिने वाचून पाहिलं, तर यम्नाचंच बरोबर होतं. ती खरोखरच मागे पडली होती. मग तिने मान खाली घालून शिकायला सुरुवात केली.

वासुदेवरावांना त्याच क्लिनिकमध्ये आणा, असं तिनेच प्रमिलाताईंना सुचवलं. ते आले, पण यम्नाचं हिंदी ऐकून तोंड फिरवून बसले.

"तात्या, पाय उचला बघू," अनुपमा मराठीत म्हणाली.

"उचलत नाही, जा."

"बरं, नका उचलू. मग पुण्याला जायचं ते व्हीलचेअरवरूनच ना?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे रागाने बघितलं आणि टाच जेमतेम सुटेल एवढा पाय उचलला. पुढे काठी टेकत ते पुण्याला परतले. प्रमिलाताईंनी पेढे दिले, पण पूर्वीसारखं घरात येणं-जाणं काही राहिलं नाही.

परीक्षेत अनुपमा एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. त्याच क्लिनिकने तिला ठेवून घेतलं.

आणि मग सूर्यकांतच्या कंपनीने त्याला दुबईच्या ऑफिसला हलवलं. "सिलिकॉन ओएसिसमध्ये फ्लॅट बघतो," तो उत्साहात म्हणाला. "ईरालाही कॉलेज जवळ पडेल."

"दुबईचा परवाना वेगळा असतो," अनुपमा म्हणाली. "पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं. तू जा. मी इथेच राहते."

सूर्यकांतने मुलीकडे पाहिलं.

"बाबा, शी मीन्स इट," ईरा म्हणाली.

आठवडाभर तो घुश्शात होता. मग ईराला घेऊन गेला.

आता शुक्रवारी दुपारी ऑफिस सुटलं की दोघं डोंगर ओलांडून फुजैराला येतात. शनिवारी अनुपमाला क्लिनिक असतं. ती कामावर जाते, ईरा झोपलेली असते, आणि सूर्यकांत समुद्राकाठच्या कॉर्निशवर बसून दूर नांगरलेली जहाजं बघतो. दुपारी कुकर तोच लावतो.