ठरवून केलेले मतभेद

मिठाच्या जुन्या कारखान्यामागे समाजसंशोधन संस्था आहे. तिचं छत गळतं, लिफ्ट बंद असते आणि संचालक कायम कुठल्यातरी परिषदेला गेलेले असतात. तरीही संस्था चालते, ती झुम्रेता मुयकिचमुळे. हे संचालकांना मान्य नाही, पण झुम्रेताला आहे, आणि या बाबतीत तुझला शहरात तिच्याशी वाद घालायला अजून कुणी धजावलेलं नाही.

झुम्रेताचं काम लोकांना नावं ठेवण्याचं. म्हणजे मुलाखती घ्यायच्या, त्या उतरवून काढायच्या आणि प्रत्येक वाक्याला एक नाव द्यायचं: 'गरिबी', 'शेजारधर्म', 'सरकारवर राग', 'देवावर भरवसा'. एकेका नावाखाली पुरेशी वाक्यं जमली की त्यांचा अहवाल होतो आणि तो राजधानीत, साराएव्होत, कुणीतरी कपाटात ठेवतं. लोकांना नावं ठेवण्याचा पगार मिळतो हे ऐकून झुम्रेताच्या शेजारणींचा जळफळाट व्हायचा. त्या बिचाऱ्या हेच काम जन्मभर फुकट करत आल्या होत्या.

पूर्वी हे सगळं कात्रीनं व्हायचं. वाक्यं कापायची आणि खोलीत बांधलेल्या दोरीला चिमट्यांनी टांगायची. एकदा वाऱ्यानं खिडकी उघडली आणि अख्ख्या जिल्ह्याची बेकारी उडून खालच्या पावाच्या दुकानाच्या छपरावर जाऊन बसली. निम्मे कागद सापडलेच नाहीत. अहवाल वेळेवर गेला आणि त्याचं कौतुकही झालं.

समोरच्या टेबलावर आंजा लोव्रिच बसायची. झुम्रेता उंच आणि आवाजानं खणखणीत, तर आंजा बुटकी, तोंड उघडण्याआधी चष्मा पुसणारी. दोघींचा देव वेगळा, सण वेगळे, त्यामुळे ऑफिसात गोडधोड दुप्पट. सकाळी आंजा लांब दांड्याच्या जेझ्वात कॉफी उकळायची आणि कुठल्या वाक्याला काय नाव द्यायचं ते त्या कॉफीवर ठरायचं. युद्धाच्या वर्षांत कॉफी मिळेना, तेव्हा आंजानं मसूर भाजून, दळून त्याची कॉफी केली होती. ती इतकी वाईट होती की दोघींचं तिच्याबद्दलसुद्धा लगेच एकमत झालं. शहरात तेव्हा कोण कुणाशी बोलतं हे लोक आडनावं बघून ठरवू लागले होते. या दोघी खिडकीपासून लांब सरकून बसायच्या आणि मसुराची कॉफी प्यायच्या.

मग व्हिएन्नाहून प्रकल्प आला. विषय होता, मुलं परदेशी गेल्यावर मागे राहिलेले म्हातारे आईबाप. आमच्याकडे हा विषय शोधायला संस्थेच्या जिन्यापर्यंतही जावं लागत नाही, पण व्हिएन्नाला तो नव्यानं सापडला होता. प्रकल्पाबरोबर सॉफ्टवेअर आलं. संचालक फिक्रेतसाहेबांनी खोलीच्या दारावर 'डिजिटल प्रयोगशाळा' अशी पाटी लावली आणि कोपऱ्यात एक कुंडी ठेवली. त्यांच्या मते प्रयोगशाळा तेवढ्यानं पूर्ण झाली.

सगळ्यांना वाटलं, कात्रीवाली झुम्रेता आता हाय खाणार. उलट ती त्या सॉफ्टवेअरच्या प्रेमातच पडली. मुळात तिला स्वच्छतेचं वेड; तिच्या घरी पाहुणा उठला की त्याच्या उशीची सुरकुती त्याच्यादेखत झटकली जाते. आणि इथे यंत्र मुलाखत ऐकून आपोआप उतरवत होतं, वर 'स्वच्छ प्रत हवी का?' असंही विचारत होतं. अडखळणं काढा, हुंकार काढा, थांबणं काढा, मुलाखत घेणाऱ्याचं बोलणं काढा. झुम्रेतानं सगळ्या चौकटींत खुणा केल्या.

"बघ, कसं आरशासारखं लख्ख आलंय," ती आंजाला म्हणाली.

"लख्खच आहे," आंजा चष्मा पुसत म्हणाली. "माणसंसुद्धा पुसली गेलीत."

"तुझं आपलं काहीतरीच!"

व्हिएन्नाचा नियम असा होता की दोघींनी एकच मुलाखत वेगवेगळं बसून, एकमेकींशी न बोलता वाचायची आणि लेबलं लावायची. मग यंत्र दोघींची लेबलं ताडून बघणार आणि किती जुळली त्याचा आकडा देणार. एकमेकींशी न बोलता म्हणजे नेमकं काय, हे दोघींनी कॉफीवर बोलून ठरवलं. ठरलं ते असं, की आधी सगळं बोलून घ्यायचं आणि लेबलं लावताना गप्प बसायचं. यात काही लबाडी आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. काम नीट करायचं तर आधी विचारून घ्यावं, एवढंच त्यांना ठाऊक.

आकडा आला शंभर टक्के. फिक्रेतसाहेबांनी बकलावा मागवला. तो संपायच्या आतच व्हिएन्नाच्या बिर्गिट मॅडम पडद्यावर अवतरल्या. त्या तिकडून उंटावरून शेळ्या हाकायच्या, पण अतिशय सभ्यपणे.

"इतकी सहमती नैसर्गिक नाही," त्या म्हणाल्या. "दोन स्वतंत्र माणसांत काही ना काही मतभेद असायलाच हवेत."

"आमच्याकडे लोक मुळातच मनमिळाऊ आहेत, मॅडम," फिक्रेतसाहेब म्हणाले. आमच्या देशात हे वाक्य न हसता म्हणायचं तर संचालकाच्याच जातीचं तोंड लागतं.

"एकदा झाले होते आमच्यात मतभेद," आंजा मागून म्हणाली. "तोफा आणाव्या लागल्या."

फिक्रेतसाहेबांनी घाईघाईनं लाइन खराब असल्याचं जाहीर केलं. पण मॅडमनी जायच्या आधी बजावलं की पुढच्या खेपेला लेबलं खरोखर स्वतंत्र दिसली नाहीत, तर प्रकल्प स्कोप्येच्या संस्थेकडे जाईल. साहेब पांढरे पडले. प्रकल्प गेला असता तर प्रयोगशाळेत नुसती कुंडी उरली असती.

"बायांनो, भांडा!" ते हात जोडून म्हणाले. "नवराबायको भांडतात तशा भांडा, पण थोडं तरी भांडा!"

दुसऱ्या दिवशी कॉफीवर बसून दोघींनी मतभेद वाटून घेतले.

"इथे मी 'तक्रार' लावते, तू 'विनोद' लाव," झुम्रेता म्हणाली.

"विनोदच आहे तो. तू 'विनोद' लाव, मी 'तक्रार' लावते."

"का म्हणून? मी काय कायम चुकीचीच बाजू घ्यायची?"

"मागच्या पानावर मीच घेतली होती की!"

अशी घासाघीस करत त्यांनी व्हिएन्नाला पसंत पडतील इतके मतभेद तयार केले, जरा इकडेतिकडे पसरले, आणि कुणावर अन्याय होऊ नये म्हणून समसमान वाटले. आकडा मनासारखा आला. बिर्गिट मॅडमनी 'फार निरोगी' असा शेरा पाठवला. फिक्रेतसाहेबांनी तो छापून कुंडीच्या वर भिंतीला लावला.

घोळ झाला तो रेमझा आजीच्या मुलाखतीत. मायेवित्सा डोंगराच्या उतारावरच्या एका गावात ही आजी एकटी राहते. मुलाखत झुम्रेतानं स्वतः घेतली होती. आजी म्हणाली होती, "पोरगा दर रविवारी फोन करतो. मला काही कमी नाही." झुम्रेतानं त्या वाक्याला 'कुटुंबाचा आधार' असं लेबल लावलं. याबद्दल कॉफीवर काही बोलणं झालंच नव्हतं, कारण बोलण्यासारखं होतं काय? पण यंत्रानं दोन्ही प्रती ताडल्या, तेव्हा तिथे लाल रेघ आली. आंजाचं लेबल होतं 'एकटेपणा'.

"अगं आंजा, हे आपल्या यादीत नव्हतं," झुम्रेता म्हणाली. "चुकून लागलं वाटतं. काढून टाक."

"चुकून नाही लागलं. लावलंय."

"ती बाई स्वतःच्या तोंडानं सांगतेय की काही कमी नाही! मुलगा फोन करतो! मग तुला आधार दिसत नाही?"

"तू वाचलंस, झुमे. मी ऐकलंय."

आंजाचं पडद्यावर वाचून डोकं दुखायचं, म्हणून ती मूळ ध्वनिमुद्रणं कानाला लावून ऐकायची. झुम्रेताला हे कायम मागासलेपणाचं लक्षण वाटत आलं होतं. आता तर तिचा पाराच चढला. तिचा मुलगा एर्नाद परदेशी, ग्रात्सला असतो. तोही दर रविवारी फोन करतो. ही गोष्ट जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, आणि ऐकणाराही 'नशीबवान आहात' म्हणून वाटेला लागतो. या रविवारच्या फोनवर तिचा सगळा आठवडा उभा असायचा. त्यालाच कुणीतरी लाल रेघ मारली होती, आणि तीही आंजानं.

"ऐकून काय वेगळं कळतं गं तुला?"

"कळतं थोडं."

"ज्या बाईला मूलच नाही, तिला आईच्या बोलण्यातलं काय डोंबल कळणार!"

हे म्हणायला नको होतं. ते झुम्रेतालाही तेव्हाच कळलं, पण माघार घेणं तिच्या रक्तात नाही. आंजानं या वेळी चष्माही पुसला नाही. आपला पेला उचलून तिनं धुतला, पर्समध्ये ठेवला आणि टेबल सोडून दुसऱ्या टोकाला, कुंडीशेजारी जाऊन बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दोघी नियमाप्रमाणे, स्वतंत्रपणे काम करू लागल्या.

व्हिएन्ना खूश झाली. ती लाल रेघ बिर्गिट मॅडमच्या मनात भरली. दोघींनी आपापली बाजू पडद्यासमोर मांडावी आणि चर्चेनं निकाल लावावा, असं त्यांनी कळवलं. फिक्रेतसाहेब टाय लावून आले. दोघी कॉफीविना वाळत चालल्या होत्या, पण त्यांच्याकडे बघायला साहेबांना सवड नव्हती. आंजाला खोकला झाला होता, हेही झुम्रेताला पहारेकऱ्याकडून कळलं. तिला ते फार लागलं. तिनं पहारेकऱ्यालाच झापलं.

चर्चेच्या दिवशी दुपारी सगळे बुरेक खायला खाली गेले होते. आंजाचं तोंड बंद करायचंच, या जिद्दीनं झुम्रेतानं रेमझा आजीचं ध्वनिमुद्रण उघडलं. त्या वाक्यावर बोट ठेवलं की आवाज सुरू होतो, हीही त्या सॉफ्टवेअरचीच करामत. तिनं ती आजवर वापरलीच नव्हती. लख्ख प्रत हाताशी असताना चुलीचा आवाज कशाला ऐकायचा?

"पोरगा दर रविवारी फोन करतो," आजीचा आवाज आला. "मला काही कमी नाही."

आणि लगेच, तिचं वाक्य संपायच्याही आत, दुसरा आवाज आला.

"माझाही! माझाही दर रविवारी करतो हो!"

हा आवाज प्रतीत कुठेच नव्हता. झुम्रेताला तो आधी ओळखूच आला नाही. कुणा शाळकरी पोरानं बाईंपुढे हात वर करावा, तसा तो वाटला.

"येतो का गं कधी?" आजीनं विचारलं.

मग काहीच नाही. घड्याळ टिकटिकत होतं, बाहेर कोंबडा ओरडत होता, आणि ती दुसरी बाई बोलत नव्हती. यंत्र बंद पडलं की काय, म्हणून झुम्रेतानं पडद्याकडे पाहिलं. आवाजाची रेघ सपाट होऊन पुढे सरकत होती.

"कामं फार असतात त्याला," शेवटी ती बाई म्हणाली.

"असतात बाई, सगळ्यांच्याच पोरांना असतात," आजी म्हणाली आणि पेल्यात कॉफी ओतल्याचा आवाज आला. "घे. अजून थोडी घे. बस जराशी."

झुम्रेतानं यंत्र बंद केलं. मुलाखतीच्या दिवशी ती आजीकडे फार वेळ बसली होती. म्हातारी फारच बोलघेवडी आहे, असं परत आल्यावर तिनं आंजाला सांगितलं होतं. तिला आता लाज वाटली, मग आजीचा राग आला, मग एर्नादचा आला. तो शेवटचा घरी आला त्या वर्षी बागेत अक्रोडाचं झाड होतं, ते नंतर वठून तोडलं. शेवटी आपण आंजाला काय बोललो ते तिला शब्दन् शब्द आठवलं आणि ती रडली. आंजानं हे सगळं ऐकलं होतं आणि भांडताना त्यातला एक शब्दही तोंडातून काढला नव्हता.

चर्चेला दोघी पडद्यासमोर शेजारी शेजारी, पण मधे एक खुर्ची सोडून बसल्या. फिक्रेतसाहेबांनी ती मधली खुर्ची पटकावली.

"तुमचे इतर मतभेद जरा जास्तच सभ्य वाटतात," बिर्गिट मॅडम म्हणाल्या. "पण हा मला फार आवडला. हा जिवंत आहे. झुम्रेताबाई, तुमचा युक्तिवाद मांडा."

"माझं चुकलं," झुम्रेता म्हणाली. ती पडद्याकडे बघत नव्हती. "लेबलातही चुकलं आणि बोलण्यातही चुकलं. आंजाचं बरोबर आहे. एकटेपणा."

फिक्रेतसाहेबांनी दचकून टाय धरला. आंजा चष्मा काढून पुसू लागली. मॅडमचा हिरमोड झाल्याचं व्हिएन्नाहूनसुद्धा दिसत होतं.

"पण कशाच्या आधारावर? प्रतीत तर तसं काहीच नाही. तुम्ही संदर्भ पुन्हा तपासलात का?"

"तपासला. पुढे मुलाखत घेणारी बाई बोलते. त्यात सगळं आहे."

मॅडमनी काहीतरी टाइप केलं, नियमावली चाळली आणि मान हलवली.

"क्षमा करा, पण मुलाखत घेणारीचं बोलणं आपण पुरावा म्हणून धरत नाही."

"नका धरू, मॅडम," झुम्रेता म्हणाली. "आंजानं धरलंय."