डोलीच्या पुढं धाकलू

खांडसपासून वर भीमाशंकरापर्यंत आमच्या घराची डोली सगळ्या वाड्यांना ठाऊक होती. मी भिवाजी, घरातला थोरला. मराठी चौथी पास. गावात माझ्या वयाचे चौथी पास दोघंच होतो, दुसरा मुंबईला गेला, म्हणजे राहिलो मी एकटा. धाकलूबद्दल कोणीतरी लिहायला पायजे होतं. ते माझ्याशिवाय दुसऱ्याला जमणार नाय, म्हणून मी लिहितो.

धाकलू माझा पाठचा भाऊ. उंच, काटक. खांद्याला जिथं बांबू बसतो तिथं बैलाच्या मानेसारखा घट्टा पडलेला. घाटात डोली उचलायला त्याच्यासारखा माणूस कर्जत तालुक्यात नव्हता, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाय, त्याला उचलायला शिकवला मीच म्हणून सांगतो. एकच गोष्ट होती. तो बोलत नसे. घरातलं बोलायचं काम पहिल्यापासून माझ्याकडं असल्यामुळं त्याला कधी गरजच पडली नाय.

पण लग्नाच्या बाजारात ते चालत नाय. एका ठिकाणी मुलगी बघायला गेलो. तिकडच्यांनी विचारलं, "नाव काय?"

"धाकलू."

"शेती किती?"

"दादाला ठाऊक."

"शाळा?"

"नाय."

आणि पुढं नुसता बघत बसला. आठवड्यानं निरोप आला, पोरगा मंद दिसतो. दुसरं ठिकाण नेरळकडचं. तिथल्या म्हाताऱ्यानं तर माझ्यादेखत विचारलं, "याला बोललेलं समजतं का हो?" मी त्याला असं उत्तर दिलं की तो जन्मात कोणाला विचारणार नाय, पण सोयरीक मोडली ती मोडलीच. दोन्ही बातम्या कडावच्या बाजारात पोचल्या. आता तिसऱ्यांदा नाय म्हटलं असतं तर कर्जत-खालापूर दोन्ही तालुक्यांत धाकलूला कोणी मुलगी दिली नसती.

तिसरं ठिकाण खालापूरच्या पल्याडचं होतं. येसाजीची मुलगी विमल. धाकलूनं तिला एका लग्नात पंगतीला वाढताना बघितली होती. घरी येऊन तो माझ्या बायकोला, इंदूला, म्हणाला, "वहिनी, हे जमलं तर बरं होईल." इंदू धावत माझ्याकडं आली. एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून तिनं लय दिवसांत ऐकलं नव्हतं. तेवढ्यावरून मी समजलो, की हे जमवायलाच पायजे.

येसाजी सरळ माणूस होता, पण घरात चाले त्याच्या आईचं, अंबाबाईचं. म्हातारीचे गुडघे गेलेले, जीभ मात्र जागेवर. तिनं निरोप पाठवला, "कर्जतच्या बाजाराला आले की तो भीमाशंकराचा डोंगर लांबून निळा दिसतो. आत काय हाय ते मी मेल्यावर बघू का? त्रिपुरी पुनवेला मला वर न्या. पोरगा डोलीला असतोच ना? मग वाटेनंच बघते त्याला."

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई संपली त्या साली कार्तिकातली. लवकर येणारं हळवं भात कापून झालं होतं, उशिरा येणारं गरवं अजून उभं होतं. पावसाळ्यानंतरची घाटातली ती आमची पहिली डोली. पहिली डोली म्हणजे जोखीम असते. पावसात दगड जागा सोडतात, वाटेवर गवत डोक्याएवढं वाढतं, गेल्या सालची पायरी यंदा तिथं असंलच असं नाय.

आमची डोली म्हणजे एक जाड बांबू आणि त्याला दोरांनी टांगलेली लाकडी बैठक. दोघं पुढं, दोघं मागं, एकामागं एक. सगळ्यात पुढं धाकलू, त्याच्यामागं गावातला पोशा, मग डोली, मग गावातलाच सखा आणि शेवटी मी. चढाला सगळा भार मागच्यावर येतो, म्हणून मागं मीच. मागच्याला पायाखालचं काय दिसत नाय, समोर डोली असते. म्हणून पुढला वाट बोलतो. "ठेच" म्हणजे दगड, "घसार" म्हणजे सुटी माती, "फांदी" म्हणजे डोकं खाली. मागच्यांनी नुसतं "हां" म्हणायचं. आमच्या बाबांनी घातलेली शिस्त होती, की डोली खांद्यावर असेपर्यंत पुढल्यानं वाटेशिवाय एक शब्द बोलायचा नाय, आणि वाटेचं दुसऱ्या कोणी बोलायचं नाय. चौघांचे पाय एका आवाजावर पडतात. दोन आवाज झाले की कोणाचा तरी पाय चुकतो.

उजाडताना निघालो. गवतावर दव होतं, हवेत गारवा होता. अंबाबाई शालीत गुंडाळून बसली आणि खांडसची शेवटची घरं मागं पडली तशी सुरू झाली.

"का रं धाकलू, तुला कोणाच्या हातचं जेवण आवडतं?"

"ठेच, उजवी," धाकलू म्हणाला.

"हां," आमी मागून म्हणालो.

"मी जेवणाचं विचारते!"

"पायरी. अजून एक पायरी."

"दारू पितोस का? खरं सांग."

"घसार, डावी. जपून."

येसाजी बाजूनं चालत होता. तो बिचारा घामाघूम, चढानं कमी आणि आईनं जास्त. "आये, त्याला चालू दे गं," तो म्हणाला.

"मी काय त्याचे पाय धरलेत? तोंडानं बोलायला सांगते."

पहिला विसावा आला. तिथं डोली ठेवायला मोठी सपाट धोंड हाय. डोली ठेवली आणि धाकलू लगेच पुढं निघून गेला. पहिल्या डोलीला पुढल्यानं प्रत्येक विसाव्यावर पुढची वाट बघून यायची असते. म्हातारीला वाटलं, पळाला.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. बाबांची शिस्त, एक आवाज, पहिली डोली, सगळं. मी चांगलं सांगतो, लोक ऐकत राहतात. ती म्हणाली, "भिवाजी, सकाळपासून तू सांगितलंस की तू चौथी पास हायस, तुझा बैल तालुक्यात पहिला हाय, आणि हा घाट तुझ्याच बाबांनी बांधल्यासारखा हाय. आता हे पण मानू का?"

"खरं हाय ते, आजी."

"भाऊ मुका नाय ना? तेवढं एक सांग."

"आमच्या घरात बोलायचं माझ्या वाट्याला आलं, आजी."

"ते दिसतंय. त्याचा वाटा पण तूच खाल्लास."

पोशा आणि सखा तोंड फिरवून हसले. मी पण हसलो. म्हातारीचं बोलणं झोंबणारं होतं, पण कसदार होतं.

पदरवाडीच्या माळावर ऊन लागलं. गवत पिवळं पडायला लागलं होतं. त्याच्या वर डोंगराची भिंत उभी आणि भिंतीवर काळं दाट रान. तिथून पुढं सरकारचं राखीव रान. रानखात्याचा गार्ड झाडाखाली बसला होता. त्यानं विचारलं, "काय नेताय?"

"मला नेतायत," अंबाबाई म्हणाली. "रान बघायला चाललेय. तुझं काय तोडणार नाय, घाबरू नकोस."

गार्डनं विडी-काडी नको एवढं सांगितलं आणि हसून सोडलं.

रानात शिरलो आणि एकदम थंड. वर झाडं एकमेकांत मिसळलेली, ऊन खाली कवडशा-कवडशानं येत होतं. म्हातारी प्रश्न विसरली. मान वर करून बघत होती, असं येसाजीनं मला नंतर सांगितलं. मला दिसत होती फक्त डोलीची मागची फळी आणि सखाची पाठ. वर फांद्यांत काहीतरी धाडकन उडी मारून गेलं.

"अगं बया! ते काय रं, तांबडं, एवढ्या शेपटीचं?"

"ठेच. मोठी. डाव्यानं," धाकलू म्हणाला.

"हां."

"अरं, जनावराचं नाव तरी सांग मेल्या! उद्या भाऊ वेगळा झाला तर काय करशील रं तू? कोण बोलंल तुझ्या वतीनं? तुझी आई..."

"फांदी!"

आमी सगळ्यांनी माना खाली घातल्या, म्हातारीनं पण. फांदी गेली.  मग म्हातारी वेगळ्याच आवाजात म्हणाली, "धाकलू, हे शेवटचं विचारते. माझ्या नातीला सांभाळशील का?"

 मी मागं मनात म्हणालो, बोल रं बाबा, एकदा बोल, शिस्त गेली खड्ड्यात. पण तिथं घाट सगळ्यात उभा हाय. एका बाजूला कातळ, एका बाजूला नुसती झाडांची डोकी.

"घसार," धाकलू म्हणाला. "सगळी. सावकाश."

म्हातारीनं काठी बांबूवर आपटली. "येसा, परत गेल्यावर दुसरं ठिकाण बघ. माझी नात मी दगडाला देणार नाय."

झालं.  त्या घाटात मी पोत्याएवढाल्या शेटजींना वाहिलेलं हाय, पण त्या वेळेला म्हातारीचं वजन जेवढं लागलं तेवढं कोणाचं लागलं नाय.

येसाजीला पण वाईट वाटलं. त्याला धाकलू आवडला होता. आपण काहीतरी मदत करावी, आईला लवकर वर पोचवावं, असं त्याच्या मनात आलं असणार. तो बाजूनं पुढं गेला आणि धाकलूच्याही पुढं जाऊन मोठ्यानं सांगायला लागला, "इथं दगड हाय हां! जपून! डावीकडं या, डावीकडं!"

तो सांगत होता ते त्याच्या पायाखालचं. आमच्या पायाखाली अजून सुटी माती होती. धाकलू म्हणाला, "उजव्यानं," आणि येसाजीच्या आवाजावर सखाचा पाय डावीकडं पडला. माती सुटली, सखा गुडघ्यावर आला, बांबू फिरला आणि डोली झोका घेऊन बाहेर गेली, मोकळ्या बाजूला. म्हातारीच्या पायांखाली झाडांचे शेंडे.

"उभं!" धाकलूचा आवाज आला. मोठा नाय, घाईचा नाय. "ठेच" म्हणतो तसाच.

चौघं जिथल्या तिथं. सखा गुडघ्यावर, तसाच. मागचा सगळा भार माझ्या एकट्याच्या खांद्यावर, आणि मी तो धरला. हे पोशाला विचारा, तो अजून हाय.

"पाव्हणं, गप," धाकलू म्हणाला. वाटेशिवाय बोललेला घाटातला त्याचा तेवढाच शब्द. मग, "सखा, उजवा पाय. कातळ हाय. टेक. हां. आता उठ. दादा, एक पाऊल मागं नको. पुढं. हां. चला. पायरी."

डोली आत आली. येसाजी कातळाला चिकटून उभा होता.  तिथून वरपर्यंत रानात फक्त धाकलूचा आवाज आणि आमचं "हां".

वर पोचलो. सपाटीवर मोठ्या झाडाखाली डोली ठेवली. मी येसाजीला चार शब्द सुनावणार होतो, पण तो आधीच आईचे पाय चेपायला बसला होता, म्हणून सोडून दिलं. धाकलूनं आधी सखाचा गुडघा बघितला. मग तोंडावर पाणी मारलं, आणि येऊन अंबाबाईच्या समोर मांडी घालून बसला.

"वहिनीच्या हातचं," तो म्हणाला.

"काय?" म्हातारी म्हणाली.

"जेवण. तुमी विचारलंत. वहिनीच्या हातचं आवडतं. मासळी मात्र मी स्वतः करतो. दारू एकदा प्यायलो, होळीला. उलटी झाली. परत नाय. ते तांबडं जनावर शेकरू. वर काटक्यांचा गोळा दिसतो ते त्याचं घरटं. उतरताना डाव्या हाताला बघा, दोन हायत."

आमी सगळे बघत राहिलो. तो बोटांवर धरून ओळीनं उत्तरं देत होता, शाळेतल्या मुलासारखा.

"दादा वेगळा व्हायचा नाय. झाला तर मी त्याच्या पडवीत राहीन. हाकललं तरी. आणि एक तुमी अर्धंच विचारलंत, आईचं, तेवढ्यात फांदी आली. आई मी चालायला लागायच्या आधी गेली. दादानं कडेवर घेऊन वाढवलं. नंतर वहिनीनं."

मी दुसरीकडं बघितलं. झाडाकडं.

"आणि शेवटचं?" म्हातारीनं विचारलं.

 "सांभाळायला ती काय लहान हाय का, आजी? जे असंल ते आधी सांगीन. लपवणार नाय."

अंबाबाई त्याच्याकडं बघत बसली. मग मी तोंड उघडलं, की बघा आजी, मी सांगत होतो तेच. तर ती म्हणाली, "भिवाजी, तू जरा देवळाकडं जाऊन ये रं. मला याच्याशी बोलायचंय."

मी गेलो. दर्शन घेऊन आलो तरी दोघं बोलतच होते. काय बोलले ते मला आजपर्यंत ठाऊक नाय. धाकलूला विचारलं तर म्हणतो, "असंच."

लग्नाला 'हो' असं तिनं अजून तोंडानं म्हटलं नव्हतं. मी वाट बघत होतो, येसाजी वाट बघत होता. दिवे लागायच्या आधी खाली पोचायचं म्हणून मी डोली उचलायला माणसं लावली. उतरताना सगळा भार पुढल्यावर येतो. म्हणून उतरायला पुढं मी आणि मागं धाकलू, ही आमची नेहमीची रीत. मी पुढं जाऊन बांबूला हात लावला.

"तू नको," अंबाबाई म्हणाली.

"आजी, उतार हाय. मी जास्त ताकदीचा."

"असशील. पण मला माझ्या नातजावयाच्या आवाजानं उतरायचंय."

येसाजीनं एकदम डोळे पुसले. पोशानं धाकलूच्या पाठीत धपका घातला. धाकलूनं डोकीचं मुंडासं नीट केलं आणि पुढं येऊन उभा राहिला. मी मागं गेलो. त्या घाटात उताराला मागं मी त्याच दिवशी पहिल्यांदा चाललो, आणि माझी जागा मी कोणालाही दिली नसती, भावाला दिली.

"उचला," धाकलू म्हणाला.

"हां," आमी म्हणालो, आणि डोलीतून म्हातारी पण म्हणाली.