डाखोळ्यांचा डोळा

मनोहर डाखोळे कुठेही गेले की आधी तिथला टीव्ही बघत आणि मग माणसं. चहाचं दुकान असो, लग्नाचा हॉल असो, की बँकेतली रांग असो. टीव्हीचा रंग बिघडलेला असला, आणि तो बहुतेक ठिकाणी असतोच, की ते मालकाकडे हात पसरत. "रिमोट दे गा. बातम्या सांगनारी बाई अशी पिवळी काहून दिसून राहिली? कावीळ झाली का तिले?" मालक काही म्हणायच्या आत रिमोट त्यांच्या हातात असे. दोन मिनिटांत पडद्यावरचे चेहरे माणसांच्या रंगाचे होत. मग ते निघून जात. पुष्कळदा चहा घ्यायचंही राहून जाई.

आधीच सांगून टाकते, या माणसाशी माझं कधीच पटलं नाही. दोन वर्षं आम्ही भांडलो. बहुतेक वेळा लेखी, आणि देशोदेशीच्या शे-दोनशे लोकांच्या देखत. त्या भांडणात शेवटी मी बरोबर ठरले, पण ते सांगताना मला बरं वाटत नाही.

डाखोळे मूळचे काटोलकडचे. घरची संत्र्यांची बाग, ती धाकटा भाऊ बघायचा. हे तरुणपणी नागपुरात आले आणि महाल भागात टीव्हीदुरुस्तीचं दुकान टाकलं. डबडे टीव्ही गेले तसं दुकानही गेलं. मग ते लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देऊ लागले. त्या बघायला त्यांनी एक फुकटचा प्लेअर घेतला होता. त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. त्या प्लेअरमध्ये नवरीचा लाल शालू विटकरी दिसायचा. दुसऱ्या कोणी दुसरा प्लेअर घेतला असता. डाखोळ्यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी पुस्तक आणून कोड लिहायला सुरुवात केली आणि शालू लाल करून पाठवला. मग आणखी एक दुरुस्ती, मग आणखी एक. त्या भागाची देखभाल करणारा परदेशी गृहस्थ कंटाळून निघून गेला तेव्हा सगळा भाग आपोआप यांच्याकडे आला आणि पंधरा वर्षं राहिला.

हा भाग म्हणजे अगदी शेवटची पायरी. फाइल उघडणं, चित्र उलगडणं ही इतरांची कामं. तयार झालेलं चित्र योग्य रंगात, योग्य क्षणी पडद्यावर ठेवणं हे डाखोळ्यांचं. ते म्हणत, "भाजी कोनी बी शिजवू दे, ताटात वाढतो मी. सांडलं तं शिव्या मलेच." आणि दुसरं म्हणत, "चित्र बराबर दिसलं, तं माहं नाव कोनाले मालूम नाही. नाही दिसलं, तं जर्मनीतला मानूस बी डाखोळेच म्हनते." कोडमध्ये एका नाजूक जागी त्यांनी रोमन अक्षरांत लिहून ठेवलं होतं, "याले हात लावू नये." परदेशातल्या कोणाला त्याचा अर्थ कळत नव्हता, तरी कोणी हात लावत नव्हतं.

मी लावला. आमची कंपनी साड्यांच्या दुकानांत लावायचे मोठे पडदे तयार करायची आणि त्यात हाच प्लेअर वापरायची. नव्या ग्राफिक्स कार्डांवर तो रखडायचा. मी चार महिने खपून चित्र दाखवण्याची नवी पद्धत लिहिली आणि प्लेअरच्या सार्वजनिक यादीवर पाठवली. ही यादी म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना लिहायची पत्रं. ती कायम राहतात आणि कोणीही वाचू शकतं. डाखोळ्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं. नाही.

आपण एकाच गावात राहतो हे मला पुढे कळलं. एका कॉलेजच्या हॉलमध्ये असल्या सॉफ्टवेअरची आवड असणाऱ्यांची बैठक होती. मागच्या रांगेत पांढऱ्या हाफशर्टातले एक गृहस्थ प्रोजेक्टरकडे रागाने बघत बसले होते. चहाच्या वेळी माझ्या गळ्यातलं नाव वाचून ते समोर आले.

"तूच का वं, माह्या बावीस फायली एका दमात उलट्यापालट्या केल्या ते?"

"तुमच्या कशा काका? सगळ्यांच्या आहेत."

"सगळ्यायच्या आहे, तं बिघडल्यावर सगळे काहून नाही येत? मीच एकटा काहून येतो?"

"चुकलं काय ते तरी सांगा."

"रंग चुकला. चित्र पिवळं येते."

"मी मोजलंय. आकडे बरोबर आहेत."

"आकडे खाते का कोनी? संत्र पाहा म्हनतो मी, संत्र!"

संत्र म्हणजे त्यांनीच काढलेली दीड मिनिटाची एक फीत. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागलेले, लिलाव चाललेला, निळ्या बंडीतला एक हमाल मधून मधून इकडून तिकडे जाणारा. कोणाचीही दुरुस्ती आली की डाखोळे ती फीत लावत. संत्र संत्र्यासारखं दिसलं तर होय, नाही तर नाही. जगभरातली माणसं त्या एका ढिगापुढे पास-नापास होत होती. एवढ्या मोठ्या गोष्टीचा निकाल एका माणसाच्या आठवणीवर लागतो याची मला चीड यायची. मी सुधारून पाठवायची, ते नाही म्हणायचे. असं नऊ वेळा झालं.

दरम्यान त्यांनी स्वतःच कोडमध्ये बारीक बारीक बदल घालायला सुरुवात केली होती. प्रत्येक बदलाने पिवळा थोडा कमी व्हायचा. मग तक्रारी येऊ लागल्या. एकाने लिहिलं, बर्फ निळसर दिसतो. दुसऱ्याने लिहिलं, माझ्या मुलीचा चेहरा आजारी दिसतो. डाखोळ्यांचं उत्तर ठरलेलं, "पडदा बदला." मी त्या सगळ्या तक्रारी जपून ठेवत गेले. त्या कधीतरी कामी येतील हे मला तेव्हाच माहीत होतं.

शेवटी मीच म्हटलं, तुमच्या घरी येते, तुमच्याच पडद्यावर दाखवते. मानेवाड्याला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मी ऑफिसातून रंग मोजायचं यंत्र नेलं होतं. पडद्यावर टेकवलं की ते समोरचा रंग आकड्यांत सांगतं. माझ्या कोडने दाखवलेला रंग तंतोतंत बरोबर निघाला. त्यांच्या कोडचा निळ्याकडे झुकलेला. डाखोळ्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि म्हणाले, "यंत्रात खोट आहे."

तेवढ्यात वत्सलाकाकूंनी, त्यांच्या पत्नीने, ताटलीत सोललेली संत्री आणली. दिराच्या बागेतली, त्याच सकाळी आलेली. डाखोळ्यांनी एक फोड उजेडात धरली. "हे पाहा. आता तं खऱ्या संत्र्याचा बी रंग गेला. काय फवारून राहिले, कोन जाने." मी माझ्या हातातली फोड बघितली. ती लखलखीत केशरी होती. म्हाताऱ्याला हरल्याचा राग आलाय, असं मला वाटलं आणि मी मनात हसले.

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. मागे वळून बघत हळूच म्हणाल्या, "तुले म्हनून सांगून राहिली वं बाई. यायले आजकाल माह्या पातळाचा रंग ओळखू येत नाही. सनाच्या दिवशी मी जांभळं नेसली, तं म्हनतेत, काळं काहून नेसलं? डोळे दाखवा म्हनलं का अंगावर येतेत. तू शिकलेली आहे, तुहं ऐकतीन. सांगून पाहा जरा."

मी हो म्हटलं. खरंच सांगणार होते.

आठवड्याने माझी दुरुस्ती दहाव्यांदा परत आली. या वेळी डाखोळ्यांनी एक ओळ जास्त लिहिली होती. "या बाईंना आकडे कळतात, चित्र कळत नाही." माझ्या साहेबांनी ती वाचली. टीममधल्या पोरांनी वाचली. दुपारी जेवताना कोणीतरी तीच ओळ माझ्या डब्यातल्या भाजीला लावून म्हणून दाखवली. मी जेवण अर्धवट टाकून जागेवर आले आणि यादीवर पत्र लिहिलं. जपून ठेवलेल्या सगळ्या तक्रारी ओळीने मांडल्या, यंत्राचे आकडे दिले. तिथे थांबले असते तरी जिंकले असते. पण शेवटी लिहिलं, "या भागाची देखभाल करणाऱ्यांनी आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत. त्यांना घरात जांभळी साडी काळी दिसते, हे त्यांच्या पत्नीनेच मला सांगितलं आहे."

पाठवलं आणि फार हलकं वाटलं. तासाभरात चार जणांनी पाठिंबा दिला. एकाने हसण्याचं चिन्ह टाकलं.

डाखोळ्यांचं उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला.

"धंतोलीत आहो आम्ही, डोळ्याच्या दवाखान्यात. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तुले बोलवाले फोन नाही केला मी. तुले घरातली समजून सांगतलं होतं वं. तू साऱ्या दुनियेले सांगतलं. यायनं मले इचारलं, तू म्हनली का असं? इतक्या वर्षात पह्यल्यांदा यायच्यापुढे मान खाली घालावी लागली मले." आणि फोन ठेवला.

मी गेले. दुसऱ्या दिवशी धंतोलीतल्या त्या दवाखान्यात चंद्रपूर-यवतमाळकडून आलेली माणसं पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. त्यांच्यात हे दोघं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू होता. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं होत जातं, म्हणून माणसाला जग पिवळं दिसतं आणि निळा-जांभळा काळवंडतो, हे मी आदल्या संध्याकाळी वाचलं होतं. दोन वर्षं डाखोळे स्वतःच्या डोळ्यातला पिवळा जगभरच्या पडद्यांवरून पुसत होते.

मी समोर उभी राहिले. त्यांनी डोळे बारीक केले. "कोन? आकडेवाली का?"

"काका, माझं चुकलं. माफ करा."

"माही माफी काहून मागून राहिली? माह्याबद्दल लिहिलं, ते खरं निघालं. हिची माग."

मी काकूंकडे वळले. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "जा तू." मी उभीच राहिले, तेव्हा पुन्हा म्हणाल्या, "जा म्हनलं नं." मी गेले.

त्याच आठवड्यात मी यादीवर माफीचं पत्र टाकलं. त्यावर कोणी काही लिहिलं नाही.

महिन्याभराने डाखोळे यादीवर परतले. दोन वर्षांत घातलेले स्वतःचे सगळे रंगबदल त्यांनी काढायला घेतले. हे एका फटक्यात होण्यासारखं काम आहे. त्यांनी एकेक बदल वेगळा काढला आणि प्रत्येकाखाली तेच वाक्य लिहिलं, "चित्र बरोबर होतं. मी चुकीचं पाहिलं." रोज दोन-तीन. कोणीतरी सुचवलं, सगळे एकदम काढा, आमचाही वेळ वाचेल. डाखोळ्यांनी उत्तर दिलं, "एकेक चूक केली, एकेकच काढतो." मी रोज सकाळी ऑफिसात गेल्यावर ती यादी उघडायची आणि ते वाक्य पुन्हा वाचायची. माझ्या विजयाची बातमी अशी हप्त्याहप्त्याने येत होती आणि मला ती नको झाली होती.

मग त्यांनी माझं काम तपासायला घेतलं. उत्तर आलं, नाही. रंग बरोबर आहे, पण खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर ओढली की चित्र आवाजाच्या मागे पडतं. चार दिवस मी त्यांना खोटं पाडायचा प्रयत्न केला. खरं सांगते, त्यांची चूक निघावी म्हणून मी देव पाण्यात घातले होते. चूक माझीच होती. ती काढून मी अकराव्यांदा पाठवलं, आणि ते त्यांनी घेतलं. त्याच पत्रात खाली लिहिलं होतं की यापुढे हा भाग त्यांच्याऐवजी मी बघेन.

मी मानेवाड्याला गेले. दार काकूंनी उघडलं आणि आत निघून गेल्या, त्या परत बाहेर आल्या नाहीत. डाखोळ्यांनी एक जाड वही माझ्यापुढे सरकवली. कोणतं जुनं कार्ड कशाने रुसतं, कोणत्या कंपनीचा पडदा कुठे खोटं बोलतो, सगळं तारीखवार, बारीक अक्षरात.

"मलाच का देताय काका?"

"तुले चूक सोडवत नाही. माही बी नाही सोडली, अन् स्वतःची बी नाही. हे काम तसल्यायचंच आहे." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. नव्या डोळ्याने त्यांनी मला पहिल्यांदाच बघितलं असावं. "कामाले चांगली आहे तू. घरात घ्यायजोगी नाही."

मी म्हटलं, ते पत्र काढून टाकावं म्हणून मी यादीच्या लोकांना विनंती केली आहे.

"मालूम आहे. त्यायनं मले इचारलं. मीच नाही म्हनलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "राहू दे. वाचू दे लोकायले. माहे डोळे कसे होते ते बी, अन् तू कशी होती ते बी."

त्यानंतर आम्ही भेटलो नाही. ते कधीमधी यादीवर दोन ओळी लिहीत, बहुतेक माझ्या एखाद्या बदलाखाली, आणि त्या दोन ओळींसाठी मी आठ-आठ दिवस काम करायची. गेल्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. बातमी त्यांच्या भावाने कळवली, तीही पाच दिवसांनी. मी यादीवर त्यांच्याबद्दल लिहिलं. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं नाही म्हटलं होतं, ती माणसं कुठून कुठून लिहीत राहिली. ती पत्रं छापून मी मानेवाड्याला नेली. काकूंनी फाटकातच हात पुढे करून पाकीट घेतलं आणि कडी लावली.

आजही कोणी त्यांचं नाव इंटरनेटवर शोधलं की सगळ्यात वर माझं ते पत्र येतं. माफीचं पत्र बरंच खाली आहे. तिथवर कोणी जात नाही.