विमलचा नकार

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी जाफराबादच्या जीपमध्ये बसले होते, तिलाच भेटायला निघाले होते. तिची मुलगी एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली." जीपवाला सीटं भरायला ओरडत होता आणि मी उतरावं की बसून राहावं, हेही मला सुचेना... त्याला आता महिना उलटून गेला.

आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. मी जालन्यात मास्तरीण झाले, तिने जाफराबादेत ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. तोंडाची फटकळ. "दर साली माप वाढून राह्यलंय तुझं, पोरं शिकवती का खिचडी चाखती?" असं भर दुकानात विचारायची. तिचे यजमान, आमचे उत्तमदाजी, आजारी पडले तेव्हा सरकारी आरोग्य विम्यातून त्यांचं ऑपरेशन झालं. त्या योजनेत मंजुरीसाठी खाटेवरच्या पेशंटचा फोटो काढतात. तो कसा कोण जाणे, गावातल्या एका पुढाऱ्याच्या हाती लागला. नाकात नळी, उघडी छाती, आणि वर 'साहेबांच्या प्रयत्नांतून उपचार' अशी अक्षरं. सगळ्या ग्रुपवर फिरला. दाजी त्या दुखण्यातून उठले नाहीत, आणि ते गेल्यावरही फोटो फिरतच राहिला. माप द्यायला आलेल्या बाया मोबाइल काढून तो तिलाच दाखवायच्या, कळवळ्यानं.

मग विमलनं एकच धोशा लावला, योजनेतून माझं नाव काढा. मी तिच्याबरोबर कचेरीत गेले. कारकून वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, नाव घाला म्हणून रोज भांडणं होत्यात. काढा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. काढायचं कसं, आम्हालाच कोणी सांगितलं न्हाई." बाहेर आल्यावर विमल म्हणाली, "नाव माझं, मंग न्हाई म्हणायची सोय का न्हाई गं?" मी म्हटलं, "कार्ड वापरू नको, झालं." तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

यंदा तिच्याच हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन योजनेत फुकट होणार होतं, पण फोटोशिवाय फाइल पुढं सरकेना. "इलाज करा, फोटो न्हाई," ती म्हणाली. योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रानं तिला नीट समजावलं, "ताई, जबरदस्ती बिलकुल न्हाई. योजना नको असंल तर लिहून द्या, खर्चा तुमचा." एवढाच तिचा हक्क. ब्लाउज शिवून तो खर्च या जन्मी निघाला नसता. मुलगी पाया पडली, मी ओरडले. "पोरीच्या मोबाइलवर मी तशी येणार न्हाई," एवढं बोलून तिनं सही केली आणि घरी आली.

मला तिचा राग येतो. एका फोटोपायी जीव घालवायचा? मग दाजींची ती उघडी छाती आठवते आणि तिचं चुकलं असं म्हणवत नाही. कायद्यानं तिला कुणी अडवलं नव्हतं हे खरं, पण योजनेबाहेर पडून तिनं जायचं कुठं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. यातून काही शिकावं असं मला सापडत नाही. मैत्रीण गेली, आणि उगीच गेली.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा पुरवणीच्या संपादकांनी सोबत तिचा फोटो मागितला. मी म्हटलं, फोटो नको. "काही हरकत नाही, फोटोशिवाय करू," ते लगेच म्हणाले. फोन ठेवून मी ओक्साबोक्शी रडले... दवाखान्यात आम्हाला एवढंच वाक्य हवं होतं.