बाबांच्या मेंदूची चकती

माझा भाऊ कॉलेजच्या गेटवर आला तेव्हा त्याच्या हातात तांब्या होता, वर लाल फडकं बांधलेलं. खालापूरच्या पुढे आमचं मेडिकल कॉलेज आहे, तिथे शरीररचनेच्या विभागात मी टेक्निशियन आहे. बाबा गेल्यापासून भाऊ माझ्याशी बोलत नव्हता, आणि मी तर मेले तरी आपणहून बोलणार नव्हते.

बाबांनी धडधाकट असतानाच देहदान ठरवलं होतं. नंतर त्यांचं डोकं काम देईना. आईला ताई म्हणायला लागले, ताटातला भात खिशात भरायला लागले. मी कर्जतहून डॉक्टर घेऊन गेले. त्यांनी स्मृतिभ्रंश सांगितला. भाऊ म्हणाला, "कसला भ्रंश? नाटकं हायत म्हाताऱ्याची. शेतावर जायला नको." बाबा गावी कडावच्या घरात त्याच्याजवळ असेतो त्याने हेच लावून धरलं आणि ते गेल्यावरही गावभर तेच सांगत फिरला. माझ्या बापाला ढोंगी म्हटलेलं मला तेव्हा सहन होत नव्हतं, आजही होत नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. सगळी भावकी माझ्याकडे बघायला लागली, जशी काय मीच त्याला हुसकावत होते. शेवटी भावाने हात जोडून कबूल केलं, "बाबा, तुमच्यातलं कायतरी आणून नदीत सोडतो." लगेच कावळा शिवला. कबूल करण्याआधी मला विचारावं, हे काही त्याच्या मनात आलं नाही. पुढे महिने गेले, म्हैस आटली, तेव्हा मात्र त्याला शब्द आठवला.

"दे एक तुकडा," तो म्हणाला.

विभागप्रमुख मॅडमनी मला विचारलं होतं, बाबांच्या मेंदूचे नमुने बनवायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ का. मी म्हटलं, बाबांना कुणी हात लावायचा नाही. मीच त्यांचा मेंदू फॉर्मॅलिनमध्ये कडक केला, पातळ चकत्या कापल्या, बर्फाहून गार अॅसिटोनमध्ये त्यातलं पाणी काढलं. मग व्हॅक्यूममध्ये त्यांत रेझिन भरलं आणि दोन काचांमध्ये धरून निळ्या दिव्याखाली घट्ट केलं. रडले नाही. राग इतका होता की रडायला जागाच नव्हती.

"हे नदीत विरघळत नाही," मी म्हटलं. "जाळलंस तर प्लास्टिकसारखं काळं जळेल. आणि मी देणार तर मुळीच नाही. पण आलायस तर बघून जा."

मी त्याला विभागात नेलं आणि उजेडाच्या पेटीवर बाबांची एक चकती ठेवली. शेजारी त्याच वयाच्या दुसऱ्या दात्याची ठेवली. त्या मेंदूच्या घड्या एकमेकींना खेटून होत्या. बाबांच्या चकतीत भेगा होत्या, उन्हाळ्यात शेत उकलतं तशा, आणि मधल्या पोकळीत माझं बोट मावलं असतं.

"एवढं झडलं होतं," मी म्हटलं. "म्हण आता नाटक."

तो वाकून बघत राहिला. मग मान वर करून म्हणाला, "नाटकच. सगळ्यांना इसरला म्हनतेस ना? मला बरा वळखायचा. मी खोलीत पाय टाकला का दोन्ही हात डोक्यावर घेऊन अंग चोरायचा."

आपण काय बोललो हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. मला लागला नाही.