आरतीचं पाणी आणि लाल तेल

माझं लग्न ठरलं तेव्हा मला एकच भीती होती. नवरा मठ्ठ निघाला तर?

बघायला आला तेव्हा त्यानं बोंडा खाल्ला, कॉफी प्यायली आणि "बोंडा छान झालाय" एवढंच बोलला. बाकी तोंडातून ब्र नाही. मुलगा नागपूरकडचा, मद्रासला लष्करी कारखान्यात इंजिनियर, घरचे निर्व्यसनी म्हणून नावाजलेले. आमच्या तंजावरी मराठी घरात सगळे खूश झाले. मी मात्र रात्री आईला म्हटलं, "अम्मा, हा माणूस भिंतीसारखा आहे. मी भांडू कोणाशी?" माझ्या नाकावर सदा राग, हे मद्रासच्या आमच्या सगळ्या मैलापूर पेठेला ठाऊक होतं. आई म्हणाली, भिंत बरी, निदान अंगावर धावून येत नाही. मला ते काही पटलं नाही. रागावल्यावर समोरून काही आलंच नाही, तर आयुष्य कसं काढायचं?

ही धाकधूक घेऊनच मी लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मंडपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या, माडीवरच्या खिडकीत बसले होते. आमच्यात त्या संध्याकाळी नवरदेवाला सूट घालून कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापासून मोटारीतून मिरवत आणतात. पुढे सनईसारखं नादस्वरम्, मागे पाहुणे, चार रस्त्यांची फेरी आणि मग मंडप. नवरीनं हे बघायचं नसतं. म्हणून मी पडद्याआडून बघत होते. देऊळ अगदी समोर, गल्ली अरुंद, खालचा शब्द न् शब्द वर ऐकू यायचा.

मोटार माझ्या मामाची. मामा बँकेत अधिकारी, आणि मायदेशी परतणाऱ्या एका फ्रेंच साहेबाकडून त्यानं ही गाडी घेतली होती. तशी गाडी गल्लीनं पाहिली नव्हती. तिच्या चाकांवर लोखंडी कमानी नव्हत्या, तेलाच्या दाबावर ती उभी राहायची. इंजिन सुरू केलं की आधी मागून, मग पुढून, सावकाश वर उठायची. मामा ते दाखवायला दिवसातून कितीदा तरी इंजिन सुरू करायचा. त्या दिवशी तिला जाईच्या माळा घातल्या होत्या आणि मामा स्वतःचंच लग्न असल्यासारखा मिरवत होता.

नवरदेव आत बसला. माझी अत्या पुढे झाली, तिनं हळद-चुन्याच्या लाल पाण्यानं आरती ओवाळली आणि दृष्ट लागू नये म्हणून ते पाणी गाडीपुढे रस्त्यावर ओतलं. नादस्वरम्‌नं सूर धरला. आता चाकांखाली लिंबं ठेवायची आणि निघायचं.

गाडीपुढचं लाल थारोळं वाढत होतं, पण कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. आरतीचं पाणी लाल आणि त्या गाडीचं तेलही लाल! सगळे त्यात पाय बुडवून उभे होते. मीसुद्धा वरून बघून मनात म्हटलं, अत्यानं या वेळी हंडाभर आरती केलेली दिसते.

पुढच्या चाकापाशी ठेवलेलं लिंबू घरंगळून गाडीच्या पोटाखाली गेलं. अत्या खाली बसली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

तेवढ्यात गाडीचं दार धाडकन उघडलं. "आत्याबाई, हात बाहेर! आधी हात बाहेर!"

माझा भिंतीसारखा नवरा ओरडला होता. नादस्वरम् थांबलं. अत्यानं हात ओढून घेतला. नवरदेव खाली वाकला, थारोळ्यात बोट बुडवलं, बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाला, "हे पाणी नाही. पाइप गळतोय. गाडी कधीही खाली बसेल."

मामानं डिकीतून पाना काढला, बॉनेट उघडलं आणि तो गळका जोड आवळायला निघाला. नवरदेवानं त्याचं मनगट धरलं.

"मामा, आता नको. आत दाब आहे. जोड हलला तर तेल सुरीसारखं हातात घुसेल."

"अय्यय्यो, मुहूर्त जातें की हो!"

"जाऊ दे. आधी दाब उतरवू."

त्यानं इंजिन बंद केलं. गाडीची उंची ठरवणारा आतला दांडा सगळ्यात खालच्या खुणेवर ओढला. मग गाडीभोवतीच्या सगळ्यांना मागे सारलं, पोरांना देवळाच्या पायरीवर बसवलं आणि गाडीखाली कोणाचा पाय, पदर, लिंबू काही नाही हे चारही बाजूंनी वाकून पाहिलं. नंतर बॉनेटमध्ये एक बारीक स्क्रू थोडासा सैल केला. फस्स असा आवाज मला माडीवर ऐकू आला, आणि जाईच्या माळा घातलेली ती गाडी हळूहळू रस्त्यावर पोट टेकून बसली.

अत्या पुटपुटली, "नवरदेवाची गाडी बसली. अपशकुन होय हें."

असा एक शब्द मंडपात शिरला की लग्नं मोडतात.

नवरदेव स्क्रूवरून नजर न हलवता म्हणाला, "आत्याबाई, समोर गणपती आहे. नमस्कार केला तिनं. आपण कोणीच केला नव्हता."

गल्ली हसली. अत्या हसली, आणि खरोखरच देवळाकडे वळून तिनं हात जोडले. वर पडद्याआड मी तोंडात पदर कोंबून हसले. भिंतीला विनोद येत होता!

मामाला मात्र दम निघेना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवरा निवांत, आणि बाशिंग मामाच्या गुडघ्याला.

"झालें का?"

"अजून आहे," नवरदेव कान लावून म्हणायचा.

"अत्तां?"

"अजून आहे."

चिडला नाही, की घाई केली नाही. फसफस पुरती थांबली तेव्हा कुठे त्यानं जोड सोडला, मामाच्या सुट्या भागांच्या डब्यातलं नवं रबर बसवलं, जोड आवळला, स्क्रू बंद केला आणि टाकीत डिकीतलं तेल ओतलं. मग इंजिन. गाडी थरथरली, मागून उठली, पुढून उठली. "एळुंदिरुच्चु! एळुंदिरुच्चु!" पोरं ओरडली. उठली, उठली! नादस्वरम्‌वाल्यानं असा काही सूर मारला की देवळावरची कबुतरं उडाली. उशिरानं निघालेली ती वरात गल्लीनं कितीतरी वर्षं आठवली.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट दूर झाला तेव्हा मी आधी त्याचे हात पाहिले. नखांत लाल तेल तसंच होतं. सगळ्यांना ते कुंकू वाटलं. मला फार आनंद झाला, अगदी मोठ्यानं हसावं इतका.

लग्नानंतर माझा पहिला जमदग्नीचा अवतार झाला तो नुंगंबाक्कमच्या भाड्याच्या घरात. कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही. मी बोलत सुटले. त्यानं चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं, माझ्या हातातली पळी हळूच काढून घेतली आणि समोर पाटावर बसला. माझा श्वास संपला तेव्हा त्यानं विचारलं, "अजून आहे?"

"आहे!" मी ओरडले.

"बरं," तो म्हणाला, आणि पाटावर नीट मांडी घालून बसला.

मग मला हसू आलं, ते काही केल्या थांबेना.